कात्री आता तुमच्याच हातात



पॉडकास्ट करणाऱ्यांच्या संमेलनासाठी ज्यांनी माटुंगा निवडलं, त्यांना एक तर ध्वनिमुद्रणाचा अनुभव नसावा, नाही तर विनोदाची उत्तम जाण असावी. मध्य रेल्वेचं माटुंगा, पश्चिम रेल्वेचं माटुंगा रोड आणि हार्बरचं किंग्ज सर्कल, अशी तीन मार्गांवरची तीन स्थानकं इथे हाकेच्या अंतरावर. शिवाय रेल्वेचा कारखाना. खिडकी उघडी ठेवून इथे दोन मिनिटांचं स्वच्छ रेकॉर्डिंग करून दाखवावं! म्हणून इथली मुलं घर झोपल्यावर रेकॉर्डिंगला बसतात. पंखा बंद, उघड्या कपाटातल्या कपड्यांकडे तोंड, डोक्यावरून गोधडी. फ्रिजही बंद केला होता, हे आईला सकाळी दूध नासल्यावर कळतं.

या खटाटोपाबद्दल मला आदर आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. लवकरच ती कंपनी बुडाली आणि पुढची कित्येक दशकं हवेतून येणारा आवाज सरकारचाच राहिला. प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला १९९५ मध्ये सांगावं लागलं. तरीही खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. बातम्या ऐकवायच्या तर आकाशवाणीच्याच. आणि दोन खोल्यांच्या घरातली एखादी मुलगी आपल्या वॉर्डातल्या पाण्यावर कोणाचीही परवानगी न घेता एपिसोड करते. हे स्वातंत्र्य लहान नाही.

मी मात्र टेपच्या जमान्यातला माणूस आहे, त्यामुळे एक शंका मांडणार आहे. मुंबई आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेबद्दल तुमच्या आजी-आजोबांना विचारा. बाळ कुडतरकरांचे पंत आणि नीलम प्रभूंच्या मीनावहिनी मोजक्या मिनिटांत एक अख्खं घर उभं करत. घड्याळ डोक्यावर होतं. पुढचा कार्यक्रम दारात उभा असे. टेप पात्याने कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची, म्हणजे काय काढायचं याचा विचार आधी करावा लागे. तुमच्या डोक्यावर ना घड्याळ, ना कार्यक्रम अधिकारी. मग दीड तासाच्या गप्पा रेकॉर्ड होतात आणि दीड तासच प्रसिद्ध होतात. पहिली दहा मिनिटं पाहुण्याचं कौतुक, मधे सूत्रधाराचा स्वतःचा अनुभव. श्रोता गाडीत उभा आहे, एका हाताने दांडी धरून. त्याला बटण शोधायला फार वेळ लागत नाही.

लांबी हा दोष आहे, असं मला म्हणायचं नाही. मुंबईतले अमित वर्मा यांनी २०१७ मध्ये ‘द सीन अँड द अनसीन’ हा इंग्रजी पॉडकास्ट सुरू केला, तेव्हा भाग वीसेक मिनिटांचे असत. पुढे ते कित्येक तासांचे झाले आणि श्रोते वाढले. कारण त्या तासांमागे पाहुण्याची पुस्तकं वाचून केलेली तयारी होती. तयारी न करता लांबलेला भाग आणि तयारीमुळे लांबलेला भाग, यातला फरक पहिल्या पाच मिनिटांत कानाला कळतो.

कापणंही डोळे मिटून करू नका. हल्ली सॉफ्टवेअरला सांगितलं की सगळे ‘अं’, सगळे विराम एका फटक्यात उडतात. लालबागच्या एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराला १९८२ च्या संपाबद्दल विचारा. बोलण्याआधी तो थांबेल. ते पाच-सहा सेकंद तुम्ही उडवलेत, तर मुलाखतीतलं सर्वात खरं वाक्य उडवलंत. उलट, त्याआधीचा तुमचा लांबलचक प्रश्न खुशाल काढा. मी नवोदितांना सांगतो, पहिला कच्चा भाग टेबलाशी बसून ऐकू नका. फाइव्ह गार्डन्सला फेरी मारत ऐका. जिथे लक्ष झाडांकडे गेलं, तिथे कात्री.

दुसरं, खुर्च्या. ‘अमुक तमुक’, ‘मित्रम्हणे’ या पॉडकास्टनी मराठी माणसाला लांब, निवांत गप्पा ऐकायची सवय लावली, हे श्रेय त्यांचंच. पण आता ज्याला त्याला दोन खुर्च्या, दोन माइक आणि एक नामवंत पाहुणा हवा असतो. कॅमेरा आला आणि कानासाठी लिहिणं मागे पडलं. आस्तिक समाजाच्या देवळाबाहेर हार ओवणाऱ्यांची तमिळ-मराठी मिसळ, २०१७ पासून संपूर्णपणे महिला कर्मचारी चालवत असलेल्या माटुंगा स्थानकातला सकाळचा कोलाहल, पोहे ढवळताना सुनेला दिलेला सल्ला, याला कुठली खुर्ची हवी? ज्या गोंगाटापासून आपण गोधडीत लपतो, तो गोंगाट हाच विषय होऊ शकतो. मराठीत असं काम फार थोडं झालं आहे आणि याचं खापर श्रोत्यांवर फोडणं मला मान्य नाही.

आता थोडं व्यवहाराचं. पॉडकास्टचा पाया आरएसएस फीड, म्हणजे साधी मजकुराची फाइल. ती तुमच्या ताब्यात असेल, तर एक अ‍ॅप बंद पडलं तरी श्रोता दुसऱ्या अ‍ॅपवर तुम्हाला गाठतो. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झालं. ज्यांचे फीड स्वतःचे होते, त्यांचे कार्यक्रम इतरत्र चालूच राहिले. फक्त एकाच व्हिडिओ मंचावर राहणारा मात्र तिथला भाडेकरू. घरमालकाचे नियम बदलले की सामान उचलायची तयारी ठेवावी.

म्हणून माझी विनंती एवढीच. फीड स्वतःच्या नावावर ठेवा. न कापलेल्या मूळ फाइली निदान दोन डिस्कवर जपा, त्यांना तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव द्या, आणि त्याची परवानगी लेखी घ्या. आपल्या पेठेतल्या, आपल्या चाळीतल्या वयस्क माणसांचं रेकॉर्डिंग या वर्षीच करा. पाहुणे नामवंत होण्याची वाट पाहू नका.