निरीक्षण आणि अनुमान
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी माझी ओळख "आपल्या बॅचचे डॉ. साळुंखे" अशी करून दिली आणि सगळे हसलात. हरकत नाही. पण 'सीआयडी' मालिकेतल्या साळुंख्यांना जे दोन मिनिटांत सापडायचं, त्याला आम्हाला सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत कित्येक दिवस लागत. आणि एवढं करूनही आमच्या अहवालात 'हाच गुन्हेगार' असं वाक्य कधीच नसायचं. का नसायचं, ते सांगतो.

आठवीत विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगवहीत दोन रकाने आखायला लावले होते, आठवतंय? निरीक्षण आणि अनुमान. मी निरीक्षणात लिहिलं, 'द्रावण आम्ल आहे.' बाईंनी लाल शाईने गोल केला आणि विचारलं, "तुला आम्ल दिसलं का? दिसला तो तांबडा झालेला लिटमस." माझी सगळी नोकरी त्या एका प्रश्नावर झाली.

डीएनए चाचणीत आम्ही माणसाचा सगळा डीएनए वाचत नाही. तो सगळ्यांचा जवळजवळ सारखाच असतो. त्यात ठरावीक जागी काही अक्षरं पुन्हापुन्हा येतात. ती किती वेळा येतात हे माणसागणिक बदलतं. प्रत्येक जागी एक आकडा आईकडून, एक वडिलांकडून. अशा वीसेक जागांचे आकडे जुळले, तर एकसारखी जुळी भावंडं सोडता दुसऱ्या कुणाशी ते योगायोगाने जुळणं जवळजवळ अशक्य. हे झालं निरीक्षण, आणि ते भक्कम असतं.

इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली हे तंत्र शोधलं. त्याच परिसरात १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले. एका सतरा वर्षांच्या मुलाने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली होती. जेफ्रीजनी तपासलं, तर दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे, पण तो माणूस हा मुलगा नव्हे! म्हणजे या तंत्राने आधी निर्दोष माणूस सोडवला. मग पोलिसांनी गावोगावच्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले. खऱ्या गुन्हेगाराने, कॉलिन पिचफोर्कने, स्वतःच्या नावावर सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवलं. यंत्राला ते कळलं नाही. दारूच्या गुत्त्यात झालेल्या गप्पांमधून फुटलं. १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

आता उलटी गोष्ट. जर्मनीत हाइलब्रॉन शहरात २००७ साली एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे सापडलेला एका अनोळखी बाईचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या चाळीसेक गुन्ह्यांच्या जागी आधी-नंतर मिळाला. खून, घरफोड्या, सगळीकडे तीच! २००९ मध्ये उलगडा झाला. नमुने उचलायच्या कापसाच्या काड्यांवर त्या काड्या भरणाऱ्या कामगार बाईचा डीएनए होता. काड्या निर्जंतुक होत्या, पण जंतू मेले तरी डीएनए उरतो. निरीक्षण बरोबर होतं, अनुमान चुकलं. त्या खुनामागे नवनाझी टोळी होती हे २०११ मध्ये उघड झालं.

आपल्याकडे पाहू. ठाणे जिल्ह्यात २०१० साली सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आरोपीला फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. नमुने प्रयोगशाळेत पाठवायला उशीर झाला होता आणि त्याचा खुलासा नव्हता. मग त्या डीएनए अहवालावर भिस्त कशी ठेवायची? एक माणूस फाशीच्या छायेत वर्षानुवर्षं राहिला, आणि त्या मुलीच्या घरच्यांना उत्तर मिळालंच नाही.

माझ्या टेबलावरही एकदा एका लहान मुलीचा फ्रॉक आला होता. ओला असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला. पिशवी उघडली तर बुरशी. कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायला हवा होता, एवढीच गोष्ट. मला अहवालात लिहावं लागलं, 'नमुन्यातून डीएनए मिळाला नाही.' इतक्या वर्षांत लिहिलेलं सगळ्यात जड वाक्य ते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं सक्तीचं होत आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. चांगलं आहे. पण पंचनामा, लाखेचं सील, मुद्देमालाची नोंद हे सगळं करणारे हात माणसाचेच राहणार.

आपल्या बॅचमध्ये पोलीस आहेत, डॉक्टर आहेत, वकील आहेत. त्यांना माझी विनंती आहे, ते पाकीट आपल्या हातात असेल तेवढा वेळ त्याच्यात कुणाचा तरी जीव आहे असं समजा. आणि बाकीच्यांनी पेपरात 'डीएनए जुळला' असं वाचलं की तीन प्रश्न विचारावेत. तो तिथे कसा पोचला? कधी पोचला? आणि प्रयोगशाळेत येईपर्यंत कुणाकुणाच्या हातातून गेला? यातल्या एकाचंही उत्तर डीएनए स्वतः देत नाही.

बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, दोन्ही रकाने अजून वेगळे ठेवतो.