विद्यार्थिदशेतील छंद व हातचे काम

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



आजचा दिवस ज्यांचा आहे त्या गुणवंत मुलामुलींचे आम्ही प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. आताच त्यांची नावे व शेकडा गुण वाचून दाखविण्यात आले आणि प्रत्येक नावासरशी टाळ्या पडल्या. त्या टाळ्या योग्यच आहेत. ज्या आपल्या शिंपी समाजात घरच्या गरजेपायी कित्येक मुलांना शाळा सोडून काज-बटणास बसावे लागले, त्याच समाजाची मुले-मुली आज उच्च शिक्षण घेत आहेत, ही गोष्ट लहान नव्हे. म्हणून आज आम्ही जे बोलणार आहोत ते अभ्यासाविरुद्ध आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. आम्ही मॅट्रिकपर्यंतच शिकलो, परंतु जन्मभर शिक्षकाचीच नोकरी केली. आमचे सांगणे इतकेच की, ह्या अभ्यासाच्या दिवसांतही मुलांच्या हाताला त्यांच्या आवडीचे असे काही काम असावे, आणि त्यासाठी लागणारा वेळ घरच्या वडीलधाऱ्यांनी राखून द्यावा.

हे ऐकताच पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "गुरुजी, वेळ आहे कोठे?" शिक्षकाच्या सवयीप्रमाणे आपण ह्याचा हिशेबच मांडून पाहू. आठवड्याचे तास १६८. त्यांतून रोजची आठ तास झोप वजा केली, की ५६ गेले. शाळा व जाणे-येणे मिळून रोजचे सात तास धरले, तर सहा दिवसांचे ४२ होतात. शिकवणी व घरचा अभ्यास रोज चार तास, म्हणजे २८. स्नान, जेवण व किरकोळ कामे ह्यांस रोज तीन तास, म्हणजे २१. एकूण बेरीज १४७ झाली. १६८ मधून १४७ गेले, राहिले २१. दहावीच्या विद्यार्थ्याने अभ्यासाचा रोज एक तास आणखी वाढविला, तरी १४ तास उरतातच. हे तास कोठे जातात ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. मोबाईलचे नाव घेण्याचीही गरज नाही. आम्ही त्यांतले सगळे मागत नाही. खेळाला, गप्पांना व आळसालाही त्यांत जागा असू द्या. आम्ही मागतो ते आठवड्याचे तीन तास. मात्र त्यांचा वार व वेळ ठरलेली असावी. कारण 'सवड मिळाली की करू' असे म्हटलेले काम सहसा होत नाही.

आता कोणी म्हणेल, शाळेत प्रकल्प असतात, कार्यानुभवाचा विषय असतो, मग घरी निराळे कशाला? बंधूंनो, ह्या प्रकल्पांची स्थिती आपणांस सांगावयास नको. आदल्या रात्री मुलाला आठवण होते, वडील दुकानात धावतात, आई बारा वाजेपर्यंत डिंक लावीत बसते आणि मूल झोपी गेलेले असते. दुसऱ्या दिवशी प्रतिकृती शाळेत जाते व तिला गुण मिळतात. त्या मुलाच्या हाताला त्यातून काय मिळाले? ज्यांनी हा विषय शिक्षणात आणावयास सांगितला, त्यांच्या मनात हे खचितच नव्हते. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हातउद्योगाच्या द्वारे शिक्षण द्यावे, असा विचार मांडला. १९६४ ते १९६६ ह्या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांजवळ शिकावे, असे सुचविले आहे. शहाण्या माणसांनी तीन वेळा एकच गोष्ट सांगितली. ती आपण घरी उचलून धरली नाही, तर शाळा एकटी काय करणार?

हाताचे काम नेमके काय शिकविते, हे आपल्या ज्ञातीला तरी परक्याने सांगावयास नको. कापडाला एकदा कात्री लागली की ते पुन्हा जुळत नाही. म्हणून कापण्याआधी माप फिरून पाहावे लागते. ही सावधगिरी व्याख्यान देऊन येत नाही. त्याहून मोठी गोष्ट उसवण्याची. टीप वाकडी गेली तर शिंपी काय करतो? निमूटपणे उसवतो व पुन्हा मारतो. त्यात त्याला लाज वाटत नाही आणि रडूही येत नाही. उलट, उत्तरपत्रिकेवर लाल फुली पडली की ती तेथेच राहते. मूल तिच्याकडे पाहून खचते किंवा ती लपविते. चूक दुरुस्त करता येते, हा विश्वास ज्या मुलाच्या बोटांत आला, ते मूल एका परीक्षेतील अपयशाने उन्मळून पडणार नाही. आजच्या काळात ह्या विश्वासाची किंमत किती आहे, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्या पालकांस आम्ही सांगावे असे नाही.

छंदातून पुढे काय निष्पन्न होईल, हे आधी सांगता येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण घ्या. त्यांना चित्रकलेची ओढ. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. परंतु डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही असे आढळून आल्याने चित्रकाराचा मार्ग खुंटला. ते यांत्रिक रेखनाकडे वळले, यंत्रे उलगडून समजून घेऊ लागले, पुढे बेळगावी सायकलींचे दुकान झाले, लोखंडी नांगर झाला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. रंग सुटले, पण रेघेवर बसलेला हात कामाला आला. दुसरे उदाहरण आपल्या काळातले. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय.आय.टी.तून पदवी घेतलेले अभियंते. त्यांनी काड्यापेटीतील काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर मुलांसाठी त्रिकोण, चौकोन व घनाकृती करून दाखविल्या. काड्यांचा चौकोन दाबताच कलतो, त्रिकोण मात्र आपला आकार सोडीत नाही; भूमितीतील ही गोष्ट मूल बोटांनी अनुभवते. पुण्याच्या आयुका संस्थेत त्यांनी अनेक वर्षे हे काम केले व २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खर्च पाहू गेल्यास काही रुपयांचा.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपल्या वडील पिढीतील मुले रात्री दिव्याखाली काज करीत, तो छंद नव्हता. ती गरज होती. ते दिवस परत यावेत असे आम्ही म्हणत नाही, आणि कोणी म्हणू नये. पण त्या कष्टांतून बाहेर पडताना आपण एक चूक करू लागलो आहोत. मुलाने सुई हातात घेतली की आपण म्हणतो, "टाक ती, अभ्यास कर, तुला का शिंपीकाम करायचे आहे?" ह्या एका वाक्यात आपण त्याच्या आजोबांचा अपमान करतो. संत नामदेव महाराजांना आपल्या कुळाची लाज वाटली नाही. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि त्यांतील एका पदात गज, कात्री, सुई व धागा ह्या आपल्याच साधनांची रूपके आहेत. जी हत्यारे त्यांना ईश्वराच्या नावाशी जोडावीशी वाटली, ती आपल्या मुलांना हलकी का वाटावीत? शिवाय सुई ही केवळ मुलींची, असे आपल्या ज्ञातीत कधीच नव्हते. तेव्हा मुलगा असो वा मुलगी, हाताचे काम दोघांनीही शिकावे.

काय करावे, असे विद्यार्थी विचारतील. लहानांनी दिवाळीचा कंदील विकत न आणता बांबूच्या कामट्या व पतंगाचा कागद घेऊन स्वतः करावा; मातीचा किल्ला करताना खऱ्या किल्ल्याची माहिती वाचून त्याचे बुरूज व दरवाजे योग्य जागी बसवावेत. मोठ्यांसाठी एक सोपे काम सांगतो. वर्षाअखेर वह्यांत कोरी पाने उरतात. ती काढून, आठ जोडपाने एकत्र दुमडावीत, म्हणजे बत्तीस पृष्ठे होतात. दुमडीवर समान अंतराने तीन भोके पाडावीत. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढावी, वरच्या भोकातून आत घ्यावी, मधले भोक सोडून खालच्यातून बाहेर काढावी आणि पुन्हा मधल्यातून आत आणावी. दोऱ्याची दोन टोके मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंस घेऊन गाठ मारावी. वर जुन्या कापडाचा पुठ्ठा चढवावा. अर्ध्या तासात वही तयार होते. ही वही दहावीच्या मुलानेही करावी. तिच्यात गणिते सोडविताना आनंद वाटतो की नाही, हे त्यानेच पाहावे.

पालकांना एक विनंती. ह्या तीन तासांचा आणखी एक क्लास करू नका. चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या शासकीय परीक्षा चांगल्याच आहेत, ज्यांना द्यावयाच्या त्यांनी जरूर द्याव्यात. परंतु जे जे हात करील त्याला श्रेणी व प्रमाणपत्र हवेच, हा हट्ट सोडा. वस्तू वाकडी झाली तरी चालेल, पण ती मुलाने स्वतः केलेली व पुरी केलेली असावी. अर्धवट टाकलेल्या दहा वस्तूंपेक्षा पुरी केलेली एक बरी.

शेवटी कार्यकारी मंडळास एक सूचना करतो. पुढील वर्षापासून ह्या समारंभाच्या वेळी सभागृहाबाहेर एक टेबल मांडावे. ज्ञातीतील कोणत्याही विद्यार्थ्याने स्वतः केलेली वस्तू तेथे ठेवावी. सोबत नाव, इयत्ता व लागलेले दिवस एवढेच लिहावे. क्रमांक नको, बक्षीस नको. ज्या ज्ञातिबांधवांची शिवणकामाची दुकाने आहेत, त्यांनी रोज पडणाऱ्या चिंध्यांतील बरे तुकडे मुलांसाठी बाजूला ठेवावेत. आज ज्यांचे नाव ह्या यादीत आले नाही, अशी पुष्कळ मुले ह्या सभागृहात मागच्या रांगांत बसली आहेत. त्यांच्याही हातांत काही गुण आहेत. ते पाहण्याची सोय आपण केली, तर त्यांनाही हा मेळावा आपला वाटेल.