पाळणाघर वाढवावे कसे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



मुलांची गाणी झाली, बक्षिसे झाली, आतून मसालेभाताचा वास येऊ लागला आहे, आणि मध्ये माझे भाषण! तेव्हा थोडक्यात आटोपावे हे मला कळते. परंतु पाळणाघराचे काम मजकडे असल्यामुळे, कार्यकारिणीपुढे आलेल्या एका प्रश्नाबद्दल मन मोकळे केल्याशिवाय मला खाली बसवणार नाही.

प्रश्न असा आहे. आपल्या पाळणाघरात आज २४ मुले आहेत, आणि जागेची वाट पाहणारांच्या वहीत ३१ नावे आहेत. शेजारची खोली भाड्याने मिळते आहे. ‘घेऊन टाका आणि मुले दुप्पट करा,’ असा पुष्कळजणींचा आग्रह आहे. त्यामागची तळमळ मी जाणते. तान्हे मूल शेजारणीच्या स्वाधीन करून, मागे वळून पाहत कामावर धावणारी आई आपल्याला रोज दिसते. तरीही मी म्हणते, खोली घेण्यापूर्वी जरा थांबू या.

का, ते सांगते. तीन वर्षांपूर्वी आपण १६ मुलांची २४ केली; सेविका मात्र दोनच ठेवल्या. पगार वाढवला नाही; ‘सेवाभाव’ म्हणून त्यांची पाठ थोपटली. चार महिन्यांत त्यांतली एक सोडून गेली. चार घरची धुणीभांडी करून तिला अधिक मिळत होते. तिचे काय चुकले? ती गेल्यावर दीड वर्षाचा एक मुलगा आठवडाभर दाराकडे तोंड करून बसे, दुसरीच्या हातून घास घेईना. तिच्या जागी नवी बाई आली, पण तो मुलगा आठवला की ‘वाढ’ हा शब्द आजही माझ्या घशात अडकतो. चूक आमच्या समितीची होती, आणि समितीत मीही होते.

लहान मुलांचा हिशेब निराळा असतो. २०१८ साली केंद्र सरकारने नोकरीच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी मार्गदर्शक सूत्रे काढली. तीन वर्षांखालील १० मुलांमागे एक सेविका आणि त्याहून मोठ्या २० मुलांमागे एक, असे प्रमाण त्यांत आहे. ते आपणही घेण्याजोगे आहे. यातली गोम पाहा. दहावे मूल आले तर फी वाढते, खर्च फारसा वाढत नाही. अकरावे आले की फी एका मुलाची वाढते, पण पगार मात्र अख्खा नवा उभा राहतो. म्हणून पाळणाघर एकेका मुलाने वाढत नाही, जिन्यासारखे पायरीपायरीने वाढते. वरच्या पायरीवर मुले किती, पगार कोठून, हे ठरवल्यावाचून पाय उचलला तर तोल जातो. आपला गेला होता.

आता आपली मुले मोजू. तीन वर्षांखालील १४, मोठी १०. म्हणजे तीन सेविका हव्यात, आहेत दोन. आपण आजच एका पायरीने मागे आहोत.

दुसरी गोष्ट त्या वहीची. गेल्या महिन्यात आम्ही तिघीजणी ती घेऊन घरोघर फिरलो. ३१ पैकी ९ मुले एव्हाना शाळेत जाऊ लागली होती, ५ कुटुंबे गाव सोडून गेली होती. उरली १७. त्यांतल्या ११ आयांनी सांगितले, ‘बाई, तुमचे पाळणाघर साडेपाचला बंद होते, आणि आम्हाला घरी यायला सात वाजतात.’ नुसती खोली घेतली असती तर या ११ जणींना तिचा काडीचा उपयोग नव्हता. त्यांना दीड तास हवा होता!

येथे मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण होते. १९४५ साली त्यांनी बोर्डीस खेड्यातील मुलांसाठी काम आरंभले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेकडे येईनात, तेव्हा त्यांनी इमारत मोठी केली नाही. शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल कोठे आहे, त्याला सवड केव्हा आहे, हे आधी पाहिले. आपणही तेच करू या.

माझी योजना साधी आहे. पहिल्या वर्षी तिसरी सेविका नेमू आणि तिघींचा पगार असा ठेवू की कोणीही नाइलाजाने सोडून जाणार नाही. ती आली की याच दोन खोल्यांत आणखी ६ लहान मुले घेता येतील, आणि तिच्या पगाराचा बराच भार त्यांची फी उचलील. दुसऱ्या वर्षी सेविकांच्या पाळ्या लावून पाळणाघर सातपर्यंत उघडे ठेवू. तीन महिन्यांचा पगार निधी म्हणून बाजूला पडला, की तिसऱ्या वर्षी खोली घेऊ. दर सहा महिन्यांनी मुलांची हजेरी, सेविकांच्या अडचणी आणि आयांचे म्हणणे कार्यकारिणीपुढे ठेवू.

पैशाबद्दल एकच नियम पाळावा. देणगी एकदा येते, पगार दरमहा द्यावा लागतो. म्हणून देणगीतून पाळणे, भांडी, खिडक्यांना जाळ्या घ्याव्यात. पगार मात्र फी आणि सभासदांची मासिक वर्गणी यांतूनच द्यावा.

ही शेजारची खोली कदाचित हातची जाईल, आणि उरलेल्या ११ मुलांना थांबावे लागेल. त्यांच्या आयांना तसे सांगणे मला जड जाणार आहे. परंतु आज त्यांना घेऊन चार महिन्यांनी पुन्हा एखादे मूल दाराकडे तोंड करून बसवणे मला त्याहून जड जाईल.

भगिनींनो, दाराशी एक नवी वही ठेवली आहे. तीत दरमहा जमेल तेवढ्या वर्गणीचा आकडा घालूनच पानावर बसावे, एवढी माझी विनंती आहे. आकडा लहान असला तरी चालेल. तो दर महिन्याला यावा.