कीचकाची दरी : इतिहास की कथा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढे चूल आणि मुले. चिटणीसबाईंनी "तुम्हीच बोला" अशी गळ घातली तेव्हा दोनदा मी नाही म्हटले, तिसऱ्यांदा म्हणवेना. कारण ज्या वादावरून हा विषय निघाला त्या वेळी मी तिथेच होते आणि गप्प होते.

तुम्हाला आठवत असेल, गेल्या श्रावणात आपण धारणीहून चिखलदऱ्याला गेलो होतो. भीमकुंडापाशी आपल्या आजींनी नेहमीची कथा सांगितली. भीमाने कीचकाला मारले, या दरीत फेकून दिले आणि या कुंडात अंग धुतले. म्हणून हा कीचकदरा, आणि त्याचेच पुढे चिखलदरा झाले. तेवढ्यात आपल्यापैकीच एकीची कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, "आजी, विराट राजा तर राजस्थानातला. तो इथं कुठून येईल? या सगळ्या दंतकथा आहेत." आजींचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "म्हंजे आमी जलमभर खोटंच सांगत आलो काय वं?" परतताना सेमाडोह मागे पडेपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

घरी आल्यावर मी ठरवले, आधी ग्रंथात काय आहे ते पाहावे. आमच्या घरी चातुर्मासात पांडवप्रताप लागत असे, पण तो कानावरून गेलेला. या वेळी विराटपर्वाचे मराठी भाषांतर मिळवले आणि दुपारी भांडी झाल्यावर, अडलेले शब्द मुलाला विचारत विचारत वाचून काढले.

त्यात असे आहे. अज्ञातवासाच्या वर्षी पांडव मत्स्य देशाच्या विराट राजाकडे नावे बदलून राहिले. भीम बल्लव नावाने स्वयंपाकी झाला आणि द्रौपदी सैरंध्री म्हणून राणी सुदेष्णेची दासी झाली. राणीचा भाऊ कीचक राजाचा सेनापती. त्याने द्रौपदीवर वाईट नजर ठेवली. भीमाने त्याला रात्री नृत्यशाळेत गाठून मारले आणि त्याच्या देहाचा नुसता गोळा करून टाकला. मग कीचकाच्या भाऊबंदांनी द्रौपदीलाही त्याच्याबरोबर जाळायला स्मशानाकडे ओढून नेले, तेव्हा भीमाने झाड उपटून त्या एकशे पाच जणांना मारले. म्हणजे कीचकाचा देह स्मशानाच्या वाटेला लागलेला आहे. दरीत फेकल्याचे तिथे नाही, आणि कुंडही नाही.

मत्स्य देशाबद्दल त्या मुलीचे म्हणणे बरोबर होते. जाणकार तो जयपूरकडे मानतात. तिथे बैराट नावाचे जुने गाव आहे, त्याला विराटनगर म्हणतात. पण आपल्या महाराष्ट्रात वाईकडचे लोकही विराटनगरी आपल्याकडचीच सांगतात. तिथे वैराटगड नावाचा किल्लाच आहे. एक विराट राजा इतक्या ठिकाणी तर राहिला नसेल.

मग इतिहास म्हणतात तो कशाला? चिखलदऱ्याला गाविलगड आपण सगळ्यांनी पाहिला. बहमनी सुलतान अहमदशहाने तो १४२५ च्या सुमारास बांधविला आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी तो भोसल्यांच्या सैन्याकडून लढून घेतला. हे आपण कशावरून म्हणतो? त्या काळी लिहिलेली कागदपत्रे आहेत, दोन्ही बाजूंच्या माणसांची नावे आहेत, तटबंदी डोळ्यांसमोर उभी आहे. कीचकाच्या दरीसाठी यातले काही दाखवता येत नाही. ते कबूल करण्यात आजींचा काही अपमान आहे असे मला वाटत नाही.

महाभारताचेच पाहा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून त्याच्या हस्तलिखित पोथ्या जुळवायला घेतल्या. काश्मीरपासून केरळापर्यंतच्या बाराशेंवर पोथ्या पाहिल्या आणि ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. पोथी पोथीत फरक निघाला. कुठे श्लोक कमी, कुठे आख्खे प्रसंग जास्त. सांगणाऱ्यांनी आपापल्या गावची भर घातलेली. भाविक, विद्वान माणसांनीच हे काम केले आणि त्यामुळे कोणाची भक्ती आटली नाही. मग आपल्या मेळघाटातल्या कोणा माउलीने कीचकाला आपल्या दरीत आणला असेल, तर तिनेही तेच केले. एवढी खोल दरी पाहिली की तिच्यात टाकण्याजोगा पापी माणूस आठवणारच.

आता कौंडिण्यपूर. रुक्मिणीमातेचे माहेर म्हणून आपण वर्धा नदीकाठी तिथे जातो. तिथे १९६२ ते १९६४ या काळात उत्खनन झाले आणि दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. गाव जुने खरेच. पण "ही रुक्मिणीची" म्हणावी अशी वस्तू काही मातीतून निघत नसते. रुक्मिणीहरण तिथल्या अंबेच्या देवळातून झाले म्हणतात, आणि आपल्या अमरावतीच्या अंबादेवीचे भक्तही तेच आपल्या देवळाबद्दल सांगतात. मात्र तिथून माहेरची पालखी दर आषाढीला पंढरपूरला पायी जाते. पिढ्यान् पिढ्या बायका तिच्यामागे चालत आल्या आहेत. त्यांच्या पायांना आलेले फोड तरी दंतकथा नव्हेत! कथा घडली की नाही ते सिद्ध होत नसेल, पण कथेमागे माणसे चालली हा इतिहासच आहे.

कोणी म्हणेल, बाई, मानले इतिहास म्हणून तर बिघडले कुठे? बिघडते ते मला माझ्या शेजारणीने दाखवले. ती कोरकू आहे. आमच्या दोघींच्या अंगणात कुडाचेच काय ते अंतर. एका दसऱ्याला मुले कागदाचा रावण करीत होती. ती कुडाशी उभी राहून म्हणाली, "बाई, त्याले नको जाळू ना. त्यानंच तर आमाले मागून आनलं."

मी तिला ओट्यावर बसवले आणि तिने सांगितले ते ऐकले. सातपुड्याचे डोंगर ओसाड होते. रावणाने महादेवाची विनवणी केली की इथे माणसे वसव. महादेवाने कावळ्याला तांबड्या मातीचे वारूळ शोधायला पाठवले आणि त्या मातीचे एक बाईमाणूस व एक पुरुषमाणूस केले. पण इंद्राचे घोडे येत आणि त्या मूर्ती तुडवून जात. शेवटी महादेवाने आधी कुत्रा घडवला, त्याच्यात जीव घातला; कुत्र्याने घोडे हाकलले. मग मुला आणि मुलाई झाले, ते कोरकूंचे पहिले आईबाप. म्हणून त्यांच्यात रावणाला मान, आणि होळीच्या दिवसांत मेघनाथाची पूजा.

खरे सांगते, वारूळ आणि कुत्रा ऐकून मला हसू येत होते. मग मनात आले, सहा सहा महिने झोपणारा कुंभकर्ण मी हिला किती वेळा सांगितला, ही कधी हसली नाही. माझी पोथी इतिहास आणि हिची गोष्ट भाकड, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? आणि दोन्ही इतिहास म्हणावे तर रावणावरून आम्हा दोघींना जन्मभर भांडावे लागेल. दोन्ही आपापल्या वाडवडिलांच्या कथा म्हटल्या, तर एका ओट्यावर बसून ऐकता येतात. त्या वर्षीपासून आमच्या अंगणात रावण जळत नाही. आम्ही सोने वाटतो, पहिले पान तिच्या घरी जाते.

पण कथा म्हटले म्हणजे सोडून दिले, असे जे आपल्या कॉलेजच्या लेकीला वाटते, तेही मला मान्य नाही. त्यासाठी मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. जिची ती गोष्ट आहे तिला विचारून सांगते आहे; नाव सांगणार नाही.

विराटपर्वात कीचक एकटा दोषी नाही. तो बहिणीला गळ घालतो आणि सुदेष्णा राणी सणाचे निमित्त करून सैरंध्रीला त्याच्या घरी मद्य आणायला पाठवते. सैरंध्री म्हणते, तो कसा आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, इतक्या दासी आहेत, दुसरीला पाठवा. राणी म्हणते, मी पाठवलेलीला तो काही करणार नाही. पुढे ती जीव घेऊन राजसभेत धावत येते आणि कीचक तिला भर सभेत लाथ मारतो. राजा म्हणतो, तुमचे भांडण माझ्यासमोर झाले नाही, मी काय न्याय करू?

हे वाचले आणि पुस्तक मिटून मी तशीच बसून राहिले. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या नात्यातले एक गृहस्थ जवळच खोली घेऊन राहत होते. त्यांचा डबा मी पाठवीत असे. कामात मदतीला येणारी एक मुलगी होती, तेरा-चौदा वर्षांची. एक दिवस ती म्हणाली, "काकू, मले नका पाठवू तिथं." मी म्हटले, "अगं, घरचे माणूस आहे ते. जा, डबा निवतो." ती रडत परत आली. मी तिला काही विचारले नाही. उलट म्हटले, "कुठं बोलू नको." दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. तिची शाळाही त्याच वर्षी सुटली.

सुदेष्णा होऊन गेली की नाही, मला माहीत नाही. ती माझ्या स्वयंपाकघरात होती, एवढे मला माहीत आहे.

या उन्हाळ्यात मी त्या मुलीच्या सासरी गेले. आता तिला दोन लेकरे आहेत. तिने चहा ठेवला. मी हात जोडून चुकले म्हणाले. ती बराच वेळ चुलीकडे पाहत होती. मग म्हणाली, "काकू, तवा एकडाव इचारलं असतं तर..." पुढे ती बोलली नाही, मीही बोलले नाही.

भगिनींनो, म्हणून माझे सांगणे एवढेच. आपल्या लेकी-सुनांना खुशाल सांगा की कीचक चिखलदऱ्याच्या दरीत पडला याला पुरावा नाही, गाविलगडाला आहे. पण दरीपाशी उभ्या राहून कथा जरूर सांगा, आणि भीमापाशी थांबू नका. सुदेष्णा सांगा, ती गप्प बसलेली सभाही सांगा. आणि एखादी पोर "मले नका पाठवू" म्हणाली, तर हातातली पळी खाली ठेवून तिला विचारा.

आजी, तुम्ही जन्मभर खोटे सांगत आला नाहीत. ऐकणाऱ्या आम्हीच अर्धे ऐकत आलो.