अंधारात फोटो का हलतो?

(कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



स्मरणिकेसाठी २५ वर्षांचे फोटो गोळा करायचं काम समितीनं माझ्यावर टाकलं. झेंडावंदन, सहल, म्हणजे दिवसाचे फोटो छान निघाले. आरती, हळदीकुंकू, कोजागरी हे सगळं संध्याकाळचं, आणि त्यातले निम्म्याहून जास्त हललेले. बी विंगमधल्या आजी दरवर्षी याच गच्चीवर दुधाच्या पातेल्यापाशी बसायच्या. त्या गेल्यावर मुलानं फ्रेमसाठी त्यातला एक फोटो मागितला. सात सापडले, सातही धूसर. त्यातले तीन मी काढलेले. शेवटी पासपोर्ट साइजचाच फोटो मोठा करून लावला. म्हणून आज बोलायला उभा आहे.

उजेड कमी असला की कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं राहतं. उन्हात सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, घरातल्या ट्यूबखाली तिसावा, कधी पंधरावा भाग लागतो. तेवढ्यात एकतर आपला हात हलतो, नाहीतर समोरचा माणूस. आजार दोन, औषधंही दोन. फोटोत भिंत, तोरण सगळंच फिसकटलं असेल तर दोष हाताचा. भिंत स्वच्छ आणि टाळ्या वाजवणारे हात तेवढे पुसट, तर समोरचं माणूस हललंय.

हाताचं औषध सोपं. कोपरं बरगड्यांना टेकवा, खांबाला पाठ लावा, श्वास सोडता सोडता अलगद बटण दाबा. टायमर लावला तर बोटाचा धक्काही वाचतो. झूम टाळा, दोन पावलं पुढे जा. जुना हिशोब असा, की ५० मिलिमीटरच्या लेन्सला निदान १/५० सेकंद, २०० च्या लेन्सला १/२००. झूम वाढला की थरथरही वाढते. आपल्या अकोले तालुक्यात रतनवाडीला अमृतेश्वराच्या मंदिरात आत चांगलाच अंधार असतो. तिथे खांबाला टेकून १/१५ वरही नक्षी स्वच्छ येते, कारण दगड हलत नाही.

आजी हलतात. मोबाइलचा नाइट मोड सेकंद-दोन सेकंद प्रकाश घेतो, अनेक फोटो घेऊन एकत्र जोडतो. हाताची थरथर तो सावरतो, पण नाचणाऱ्या पोरांचं भूत करतो. तेव्हा तो बंद ठेवा. प्रो मोड असेल तर १/१२५ आणि आयएसओ १६०० किंवा ३२०० लावा. फोटोत दाणे येतील, येऊ द्या. दाणेदार फोटोत चेहरा ओळखू येतो, हललेल्यात नाही. (फिल्मच्या काळात ४०० चा रोल मिळाला तरी आम्ही खूश असायचो!) प्रो मोड नसेल तर ओळीनं आठ-दहा फोटो घ्या, एखादा साधतोच. दूध ढवळताना हात टोकाला जाऊन क्षणभर थांबतो, तो क्षण धरा.

फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही, पुढच्या रांगेची डोकी तेवढी पांढरी होतात. माणसालाच दिव्याजवळ बोलवावं. पुरुषवाडीच्या काजव्यांना मात्र यातलं काही चालत नाही. तिथे तिपाईच हवी आणि फ्लॅश अजिबात नको, काजव्यांना त्रास होतो.

आणि लेन्स पुसा हो! निम्म्या मोबाइलवर भज्यांचं तेल असतं.

दूध आटत आलंय. सी विंगच्या काकूंना जरा त्या बल्बखाली सरकायला सांगा, आणि काढा मोबाइल.