पर्णहीन वृक्षांची ओळख



शिशिरात सह्याद्रीतील पानझडी अरण्य उघडे पडले, की विद्यार्थी गोंधळतात; कारण त्यांची वृक्षांशी ओळख पानांपुरतीच असते. अशा वेळी चतुर शिक्षक विनोदाचा आश्रय घेतो. ऐनाच्या चौकोनी भेगाळलेल्या खोडापाशी तो विचारतो, “ही मगर येथे उभी कशी राहिली?” पांढुरक्या कांडोळापाशी म्हणतो, “भिऊ नका, हे भूत रात्रपाळीचे आहे!” मुले हसतात आणि खोड निरखू लागतात.

मात्र विनोद खऱ्या खुणेवर बेतलेला हवा. नुसत्या कोटीने हशा तेवढा लक्षात राहतो. सावर व पांगारा दोघेही काटेरी, दोघेही पुढे लाल फुलणारे. परंतु तरुण सावरीच्या अंगावर जाड शंकूंची डोंगररांग, तर पांगाऱ्याला मांजराची काळपट नखे! एवढे सांगितले की गल्लत होत नाही.

ही ओळख परीक्षेपुरती नाही. जमिनीतील ओल घटू लागली म्हणून पाने टाकलेले झाड वाळलेले समजून तोडले जाते. तेव्हा फांदीच्या टोकाचा अंकुर ओळखणारा एखादा विद्यार्थी कुऱ्हाडवाल्याला थांबवून म्हणू शकतो, “काका, हे मेलेले नाही, उपवासाला बसले आहे!”