वृद्ध फेरेटचा श्वसनविकार
युरोपातील पोलकॅट या मांसाहारी प्राण्यापासून माणसाळवलेला फेरेट साधारणतः ५ ते ८ वर्षे जगतो. माणसाचा इन्फ्लुएन्झा, म्हणजे विषाणूजन्य फ्लू, त्याला सहज जडतो; १९३३ मध्ये लंडनमधील संशोधकांनी हा विषाणू फेरेटमध्येच संक्रमित करून ओळखला, आणि आजारी फेरेटच्या शिंकेतून तो पुन्हा माणसाकडे आल्याचेही तेथेच आढळले. म्हणून घरातील सर्दी-ताप झालेल्या व्यक्तीने वृद्ध फेरेटपासून दूर राहणे, ही त्याची सर्वांत मोलाची शुश्रूषा होय. नाक चोंदून वास येईनासा झाला की तो अन्न नाकारतो, आणि उतारवयात उपाशीपोटी रक्तातील साखर घसरण्याचा धोका असल्याने त्याला मऊ, कोमट मांसान्न थोडे थोडे भरवावे. माणसाचे पॅरासिटामॉल त्याला विषासमान असते. तो तोंड उघडून श्वास घेऊ लागल्यास विलंब न करता पशुवैद्याकडे न्यावे.